मेटाबॉलिझमचं नंतर बघू, आधी त्या डागांचं बघा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी ५४ वर्षांची, करी रोडला राहते. उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो. माझ्या ६१ वर्षांच्या थोरल्या बहिणीला यंदा गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. ताईला बरीच वर्षं शुगर आहे, अंगानेही जाड. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. तिच्या पेट स्कॅनच्या वेळी तिथल्या मुलाने सांगितलं की आधी साखरेचं इंजेक्शन देतात, कॅन्सर साखर खातो म्हणून तो मशीनमध्ये चमकतो. त्या दिवसापासून मी साखर, भात, फळं सगळं सोडलं. माझी तीन महिन्यांची शुगर ६.२ आली आहे. आमच्या भिशीतली एक म्हणते, चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, अंगात विष साठतं आणि त्यातून कॅन्सर होतो. तिने पावडर आणि कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय, १८ हजार रुपये. लेबलचा फोटो जोडलाय. घेऊ का? मी पण एकदा पेट स्कॅन करून घेऊ का? मिस्टरांचं टेन्शन नाही, त्यांचा मेटाबॉलिझम फास्ट आहे, काही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, नुसतं पोट तेवढं सुटलंय. तंबाखूची सवय आहे, पण तब्येत ठणठणीत. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोनदा थोडे डाग लागले, उष्णतेने असेल. ताईला आता काय खायला घालू? गणपतीत मोदक दिला तर चालेल का?

– एक वाचक, करी रोड

उत्तर

जाता जाता लिहिलेल्या त्या डागांपासून सुरुवात करते. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न महिनाभर थांबले तरी काही बिघडणार नाही. हा थांबणार नाही.

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की त्यानंतर अंगावर गेलेला एक थेंबसुद्धा डॉक्टरांना दाखवायचा असतो. दोनदाच गेलं, थोडंच गेलं, दुखलं नाही, यातलं काहीही थांबायचं कारण नाही. उष्णता म्हणून सब्जा पिऊन बसू नका. घाबरूही नका. असे डाग लागलेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांना पिशवीचं अस्तर पातळ आणि कोरडं पडलेलं असतं, एखादा पॉलिप (अस्तरावरचा साधा कोंब) असतो, क्वचित काहीच सापडत नाही. पण उलट बाजूने बघा. ज्यांना पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झाला, त्यांतल्या शंभरातल्या नव्वद जणींच्या अंगावर आधी असंच गेलेलं असतं. हा कॅन्सर बहुतेक वेळा लवकर खबर देतो आणि लवकर पकडला तर पुष्कळदा ऑपरेशनवर निभावतं. तुमच्या ताईंच्या बाबतीत निभावलं, तसंच.

तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. परळला केईएम आहे, वाडिया आहे, दोन्ही तुम्हाला जवळ. खालून सोनोग्राफी करतील आणि अस्तराची जाडी मोजतील. ती चार मिलिमीटरच्या वर भरली, किंवा कमी असूनही डाग पुन्हा लागले, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतात. थोडं चमकून दुखतं, पण बहुतेकदा ओपीडीतच उरकतं. ‘पॅप टेस्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत येऊ नका. ती तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराची नव्हे. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्याच वाक्यात सांगा: पाळी जाऊन तीन वर्षं झाली, डाग लागले, सख्ख्या बहिणीला हाच कॅन्सर झालाय. आपल्या बायका आधी गुडघेदुखी सांगतात, मग ॲसिडिटी आणि उठता उठता दाराशी हे. तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो.

आता भिशीतल्या मैत्रिणीच्या शास्त्राकडे येऊ.

चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, हे सगळीकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मलाही कधीकाळी खरं वाटायचं. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून अधिक माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत. शरीराच्या आकारमानाचा हिशेब लावून पाहिलं तर विशीपासून साठीपर्यंत शरीर ऊर्जा जाळण्याचा वेग जवळजवळ तोच ठेवतं. साठीनंतर तो वर्षाला एक टक्क्याहूनही कमी दराने उतरतो. म्हणजे तुमचं इंजिन मंद वगैरे झालेलं नाही. चाळीस ते चोपन्नमध्ये काय बदललं ते तुम्हीच आठवा. पूर्वी चाळीत राहत असाल तर दिवसातून कितीदा जिना चढत होतात आणि आता टॉवरमध्ये दूधवालासुद्धा दारात येतो. शिवाय पाळी गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. वजनकाट्यावर फरक दिसत नाही, परकराच्या नाडीला कळतो.

आणि ते ‘विष’. साठलेल्या विषाचं नाव कोणी सांगत नाही, कधी विचारून बघा. लिव्हर आणि किडनी आपलं काम रोज करत असतात, त्यांना कोर्स लागत नाही.

मग मेटाबॉलिझमचा आणि कॅन्सरचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि चांगला पक्का आहे. फक्त तो वेगाचा नाही, इन्सुलिनचा आणि पोटावरच्या चरबीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं की जादा चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे: मोठं आतडं, लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, किडनी, पाळीनंतरचा स्तनाचा कॅन्सर, बीजकोश वगैरे. या यादीत ज्याचं नातं सगळ्यात घट्ट आहे, तो गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर. नेमका ताईंचा. म्हणून तुम्हाला हे जरा सविस्तर सांगते.

इन्सुलिन साखर पेशीत पोचवतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम म्हणजे पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणं. पोटावर आणि लिव्हरमध्ये चरबी साचली की स्नायू आणि लिव्हर साखरेचा निरोप नीट ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. घरात सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर आपण आवाज चढवतो आणि ऐकतं शेजारचं बिऱ्हाड. इथेही तेच होतं. ज्या पेशींचे कान शाबूत आहेत, त्यांना वाढीचा निरोप वर्षानुवर्षं मोठ्याने ऐकू जात राहतो. सतत विभागणाऱ्या पेशींत चुका व्हायची शक्यता वाढते, आणि चुकलेल्या पेशींनाही खतपाणी मिळतं.

पिशवीच्या बाबतीत भर म्हणजे इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक. पाळी गेल्यावर बीजकोश ते बनवणं जवळपास थांबवतात, पण चरबीच्या पेशींत एक एन्झाइम असतं. ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. चरबी जितकी जास्त, तितकं इस्ट्रोजेन जास्त. पाळी चालू असताना दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन येऊन अस्तराची वाढ रोखतं, जुनं अस्तर पडून जातं. आता रोखणारं कोणी नाही, वाढवणारं मात्र आहे. त्यात चढलेल्या इन्सुलिनमुळे लिव्हर इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणजे मोकळं इस्ट्रोजेन आणखी वाढतं. ज्या मुलींना पीसीओएस (बीजकोश आणि संप्रेरकांचा बिघाड) असतो आणि चार-चार महिने पाळी येत नाही, त्यांनाही याच कारणाने डॉक्टर पाळी आणायच्या गोळ्या देतात. तुमच्या घरात अशी कोणी भाची-पुतणी असेल तर ‘लग्नानंतर होईल ठीक’ म्हणून सोडून देऊ नका.

टाइप २ मधुमेहात अस्तराच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट होतो. लिव्हर आणि स्वादुपिंडाचंही तसंच. दुप्पट ऐकून छातीत धस्स होतं, पण भारतात हा कॅन्सर मुळात पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे. लहान आकड्याची दुप्पट लहानच राहते. तुम्हाला अजून मधुमेह नाहीही. ६.२ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह धरतात. ताईंना झाला म्हणजे तुम्हाला होणारच, असं या आकड्यांतून निघत नाही.

ताईंच्या फायलीत एक गोष्ट मात्र जरूर बघा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘एमएमआर’ (पेशीतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) अशी तपासणी लिहिली आहे का? काही घराण्यांत आतड्याचा आणि पिशवीचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या, पुष्कळदा पन्नाशीच्या आत येतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. ताई एकसष्टीच्या, शुगर आणि वजन दोन्ही, त्यामुळे माझा संशय तिकडे फारसा जात नाही. पण आई, मावशी, मामा, आजी यांच्यात कोणाला लहान वयात आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला असेल, तर ताईंच्या डॉक्टरांना सांगा. तसं असेल तर प्रश्न तुमच्यापुरता राहत नाही, मुलांपर्यंत जातो.

साखरेचं इंजेक्शन. त्या मुलाने सांगितलं ते अर्धं बरोबर होतं. १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वॉरबर्ग यांना दिसलं की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन हाताशी असूनही ग्लुकोज भराभर ओढतात आणि घाईघाईत लॅक्टिक ॲसिडवर सोडून देतात. १९३१ चं नोबेल त्यांना मिळालं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या वेगळ्या कामासाठी. पेट स्कॅन याच सवयीचा फायदा घेतं. इंजेक्शनमधलं ग्लुकोज किरणोत्सर्गी फ्लोरीनची खूण लावलेलं असतं. पेशी ते आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, म्हणून ते तिथेच अडकून चमकतं. त्या फ्लोरीनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणून वेळ इतकी काटेकोर पाळावी लागते. आणि रक्तात साखर जास्त असली तर पेशी हे खुणेचं ग्लुकोज कमी घेतात, म्हणून ताईंना उपाशीपोटी नेऊन आधी शुगर तपासली असेल.

पण त्याच पडद्यावर मेंदूही लख्ख चमकतो. मेंदूला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज लागतं. तुम्ही साखर, भात, चिकू सगळं सोडलंत तरी लिव्हर प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, कारण रक्तातली ती जेमतेम चमचाभर साखर टिकली नाही तर माणूस चक्कर येऊन पडेल. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज कमी पडलं तर दुसरं इंधनही वापरतात. त्यांना उपाशी मारण्याच्या नादात आधी आपले स्नायू झिजतात. साखर कमी करणं चांगलंच आहे, पण ते वजनासाठी आणि इन्सुलिनसाठी. एखाद्या बारशाला पेढा खाल्ला म्हणून गाठ होत नाही.

तुम्हाला पेट स्कॅन नको. काही त्रास नसताना ‘एकदा सगळं बघून घेऊ’ म्हणून करायची ही तपासणी नव्हे. किरणं विनाकारण अंगावर घेतली जातात आणि मुंबईत तर आणखी एक गंमत आहे. टीबीच्या जुन्या-नव्या गाठीही पेटवर चमकतात. मग पुढचे दोन महिने बायोप्सी, रिपोर्ट आणि न झोपलेल्या रात्री. तुमच्या वयाला उपयोगी तपासण्या स्वस्त आहेत: स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाची. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी दीड लाखाच्या आसपास बायकांवर एक मोठा अभ्यास केला, त्यात या दोन्ही तपासण्या पाहिल्या. गर्भाशयाचं तोंड नुसतं व्हिनेगर लावून तपासलं तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. प्रशिक्षित बाईने हाताने स्तन तपासले तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ही तपासणी करणाऱ्या बहुतेक डॉक्टरसुद्धा नव्हत्या, वस्तीतल्याच शिकवून तयार केलेल्या बायका होत्या.

तुम्ही पाठवलेलं लेबल वाचलं. ग्रीन टीचा अर्क, गार्सिनियाचा अर्क आणि ‘स्वामित्वाचं खास मिश्रण’, म्हणजे आत काय ते सांगणार नाही. गार्सिनिया हा आपल्या कोकमाचा भाऊबंद. सोलकढी खुशाल प्या. पण कॅप्सूलमधल्या तीव्र अर्काने, तसंच ग्रीन टीच्या अर्काने, लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. तुमच्या वजनाला आणि शुगरला लिव्हरवर थोडी चरबी असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर हे नको. मैत्रिणीला वाईट वाटत असेल तर डॉक्टरांनी नको म्हटलं सांगा, माझ्यावर ढकला. कोणी म्हणेल, मग शुगरची मेटफॉर्मिनच घे, ती कॅन्सर टाळते. शुगर रोखायला तुमच्या डॉक्टरांनी दिली तर घ्या, ती जुनी चांगली गोळी आहे. पण मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना ती वर्षानुवर्षं देऊन पाहिलं आणि २०२२ मध्ये निकाल आला तो ‘फायदा नाही’ असा.

करायचं काय, तर कंटाळवाणं आहे. तुमचं पाच किलो वजन उतरायला हवं. वीस नाही, पाच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७१ चे सात टक्के म्हणजे पाच. कमरेचा घेर बेंबीच्या रेषेत मोजून ठेवा. आपल्याकडे बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत असावं असं धरतात, पुरुषांनी ९०.

भात पूर्ण सोडायची गरज नाही. वाटीभर भात, त्यावर दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, बांगडा असेल तर उत्तम. पेरू, पपई, सफरचंद परत सुरू करा. माझा भरवसा आहे की तुमच्या दिवसातली खरी साखर आणि चरबी भातात नसून चार वाजताच्या चहात आणि त्यात बुडवलेल्या खारीत आहे. खारी खारट लागते म्हणून बायका तिला पथ्यात धरतात! जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. हलणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. तुमच्या बिल्डिंगच्या पोडियमवर गप्पा मारत चाललात तरी चालतं, बाकावर बसून मारलेल्या मोजायच्या नाहीत. मालिका बघताना खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठा-बसा.

आणि आता मिस्टर.

बारीक अंग आणि सुटलेलं पोट याला फास्ट मेटाबॉलिझम म्हणत नाहीत. २००४ मध्ये पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःच्याच अंगातली चरबी मोजून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी एकच, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली हाडं बारीक, स्नायू कमी आणि चरबी आत लपलेली. त्यामुळे ‘अंगाला लागत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पोटाला ते लागलेलं असतं. त्यांची शुगर शेवटची कधी तपासली?

पण त्यांच्या बाबतीत शुगर दुय्यम आहे. तुम्ही भाताची शितं मोजताय आणि त्याच घरात रोज तंबाखू मळली जातेय, हे वाचून मला थोडा रागच आला. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे आणि त्याचं मोठं कारण तंबाखू-सुपारी. त्या १३ कॅन्सरच्या यादीत तोंड नाही. वजन उतरवून, साखर सोडून, कितीही फास्ट मेटाबॉलिझम असून यातून सुटका नाही. आज रात्री त्यांना दिव्याखाली आ करायला लावा. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? गालात आतून, जिभेच्या कडेला, जिथे तंबाखू धरतात त्या ओठाच्या खोबणीत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? बोटं आत गेली नाहीत किंवा चट्टा-जखम काहीही दिसलं तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय गाठा. काही दिसलं नाही तरी एकदा दाखवून या. तंबाखू सोडायला मदतीचा नंबर पुडीवरच छापलेला असतो, १८००-११-२३५६. ते करणार नाहीत, पहिल्यांदा तुम्हीच लावून द्या.

राहिल्या ताई. त्यांना उपाशी ठेवू नका. ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला प्रथिनं लागतात: अंडी, मासे, डाळी, दही, पनीर, जे रुचेल ते, थोडं थोडं आणि वारंवार. पुढे केमो किंवा रेडिएशन असेल तर वजन घसरू न देणं हेच मोठं काम असतं, त्या काळात साखरबंदीची मोहीम नको. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञांना एकदा जरूर भेटवा. गणपतीत एक उकडीचा मोदक जेवणातच द्या आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. साजूक तूप चमचाभर. दोन तासांनी शुगर बघून वहीत लिहा. आकडा चढलेला दिसला तरी शुगरच्या औषधाची मात्रा घरच्या घरी वाढवू नका. वही पुढच्या तारखेला त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.